जागची हलू नकोस

“मागे हट! मागे!”

वर उडणाऱ्या, हवेतच इंधन भरणाऱ्या विमानातून दांडा चालवणारा रेडिओवरून तिच्या कानात खेकसला. तिने आपलं लढाऊ विमान झटकन खाली घेतलं. इंधनाचा पोलादी दांडा काचेच्या वीतभर वरून गेला. दुसरा प्रयत्नही फुकट.

“पुढेपुढे करू नकोस, किती वेळा सांगायचं?”

“तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा,” ती फणकारली.

तो तिचा बाप होता. दोघं एकाच तळावर, पण मेसमध्ये तो आला की ती भरल्या ताटावरून उठायची. त्याच्याकडून घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. आणि आज त्याच्याकडेच इंधन मागायची पाळी आली होती. खाली समुद्र होता. जवळची धावपट्टी धुक्यात बुडाली होती. टाकीत जेमतेम आणखी एका प्रयत्नापुरतं उरलं होतं. तोही हुकला तर विमान सोडून पाण्यात उडी.

तिच्या जुन्या विमानाला नाकाशी सोंड होती. इंधनवाल्यांनी नुसती टोपली लावलेली नळी मागे सोडायची, वैमानिकाने जाऊन तिच्यात सोंड खुपसायची. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ती विमानं भंगारात गेली. नव्याला सोंडच नाही, पाठीवर एक तोंड आहे. त्याला टोपली चालत नाही, दांडाच लागतो. वैमानिकाने गप्प एका जागी राहायचं आणि वरच्याने दांडा आणून त्या तोंडात बसवायचा. हे तिला कळत होतं. तरी दांडा दिसला की हात आपोआप पुढे जायचा.

“पुन्हा ये,” बाप म्हणाला. “आणि आता जागची हलू नकोस. मी येतोय.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हेच शब्द! शाळा सुटली की फाटकाशी उभी राहा, जागची हलू नकोस, मी येतोय. ती उभी राहायची. शिपाई फाटकाला कुलूप लावायचा. बाप कुठेतरी पत्ते कुटत बसलेला असायचा. शेवटी ती एकटीच रडत घरी चालत जायची. पुढे तिने वाट पाहणंच सोडलं. हवं ते आपण जाऊन घ्यायचं.

“तुमच्या येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही,” ती दात खात म्हणाली.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तरी थांब.”

ती पुन्हा दांड्याखाली आली. दांडा हलला. तिचा हात शिवशिवला. तिने तो आवरला आणि नजर वरच्या विमानाच्या पोटावरच्या दिव्यांवर रोखली. संतापाने तिचे डोळे भरून आले. दांडा डोक्यावरून मागे गेला आणि दिसेनासा झाला. आता तो कुठे आहे, हे फक्त त्याला दिसत होतं.

पाठीमागे खट्‌कन आवाज झाला. इंधनाचा काटा वर सरकू लागला.

“आलो,” तो म्हणाला.

“उशिरा,” ती म्हणाली. पण जागची हलली नाही.