कचराकुंडीतले सूप

कात्रजच्या घाटात कठड्याबाहेर लोंबकळणारी सहलीची बस शेफालीने दोन्ही हातांनी उचलून रस्त्यावर ठेवली, तेव्हा मागच्या मोटारीतील एका गृहस्थांनी काच खाली केली.

"अहो बाई, उचललीच होती तर जरा कडेला ठेवायची. आम्ही जायचं कुठून?"

शेफालीने बस पुनश्च उचलून कडेला ठेवली. मग ती कठड्याला टेकली आणि तिला कोरडी ओकारी आली.

वृत्तपत्रांनी जिला 'रणरागिणी' ही उपाधी बहाल केली होती, ती स्त्री गर्भवती होती. विस्तवाने तिची कातडी पोळत नसे. सुई टोचू गेल्यास सुईच वाकत असे, त्यामुळे रक्त तपासण्याचा मार्गच खुंटला होता. डॉक्टरीणबाईंनी अखेर हात टेकले होते.

"आईवडिलांकडे असं कुणाला आहे का, ते विचारून या," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही कुठल्या मुशीतून आलात हे कळल्याशिवाय बाळाचं काय होईल, ते मी कसं सांगू? ठेवायचं की नाही, हे लवकर ठरवावं लागेल."

तात्पर्य, घाटातून ती थेट येरवड्याला, माहेरच्या गल्लीत आली.

शेजारच्या इंदुबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी शेफालीला निरखून पाहिले. "काय गं, गोड बातमी आहे म्हणे. मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

"इंदुमावशी, माझ्या जन्माच्या वेळी काही निराळं घडलं होतं का?"

"निराळं म्हणजे? तुला मीच तर उचलली कचराकुंडीतून. ओंजळभर कोंड्याला विकली तुझ्या आईला. काय जड होतीस गं, सूप हातातून सुटायला आलं. का, आई बोलली नाही कधी?"

एवढे बोलून त्या मेथीची जुडी धुवायला आत निघून गेल्या, जणू काही भाजीचा भावच सांगितला होता.

शेफाली किंकर्तव्यमूढ होऊन उभी राहिली. बस उचलणारे तिचे हात आता पदराचे टोकसुद्धा धरीनात. आपल्याला कोणी टाकले? कोठून आणून टाकले? टाकणारी माणसेच होती काय? आणि मग पोटात वाढते आहे ते काय आहे? एका प्रश्नाचे शेपूट धरावे तर दुसरा प्रश्न तोंड वर काढी.

तुळजाबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या.

"आई, मी कचराकुंडीत सापडले होते का?"

तुळजाबाईंचा हात पिठावर थबकला. "इंदी बोलली व्हय? तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"खरं की खोटं, एवढंच सांग."

"खरं हाय. बस खाली."

शेफाली मटकन बसली. तुळजाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि बोलू लागल्या.

"तुझ्या आधी तीन लेकरं झाली. एकाचंबी बारसं झालं न्हाई. आमच्या लातूरकडं रीत हाय. लेकरं जगत नसली की नवं लेकरू सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवायचं, आन मागं वळून न बघता यायचं. शेजारणीनं ते उचलायचं, म्हणायचं, मला टाकलेलं लेकरू गावलं. मग आईनं ओंजळभर कोंडा देऊन ते इकत घ्यायचं. टाकलेल्या लेकराकडं मरण बघत न्हाई म्हणत्यात."

"पण मग कचराकुंडी?"

"पुण्यात उकिरडा कुठून आणू? कार्पोरेशनचा व्हता, त्योच आपला मानला."

शेफालीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यातच तिला हसू फुटले. एवढ्याशा रीतीचा केवढा पर्वत तिने रचला होता.

"म्हणजे मी टाकलेली नव्हते."

"नऊ महिने पोटात वागवलं म्या, ते टाकायला?"

"आणि ही ताकद?"

"तुझा बाप भुसार बाजारात हमाल. दोन-दोन पोती पाठीवर घ्यायचा. दम लागला तर मला इचार."

शेफालीने तत्क्षणी प्रज्ञेशला दूरध्वनी केला. तिचा पती प्रज्ञेश सकाळपासून कचेरीत जीव मुठीत धरून बसला होता.

"ऐका, मी आईचीच आहे. रीत होती नुसती, घरी आल्यावर सांगते. आपण बाळ ठेवायचं."

पलीकडून तो म्हणाला, "मग डॉक्टरीणबाईंना काय कळवू? आजोबा हमाल होते?"

"हेच कळवा," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी ती मोकळेपणाने हसली.

दूरध्वनी ठेवून ती आईच्या निकट सरकली आणि लहानपणी टेकवीत असे तसे तिने आईच्या खांद्यावर डोके टेकवले. तुळजाबाई मात्र तव्याकडे एकटक पाहत होत्या.

"आई, आता डॉक्टरीणबाई बारीकसारीक सगळं विचारतील. मी लहानपणी कशी होते गं? अंगाने धडधाकट?"

"चिमणीवानी," तुळजाबाई म्हणाल्या. "हातात घेतली तरी हातात काय हाय, हे कळत नव्हतं."

"मग इंदुमावशी म्हणाली, जड होते."

तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी तुळजाबाईंनी ती उलटली नाही.

"जाऊ दे," शेफाली म्हणाली. आता पोटातील जिवाच्या विचाराने तिला सुपातील त्या जिवाची कणव दाटून आली होती. "तिथं ठेवून मागे फिरलीस, तेव्हा मी फार रडले असेन ना गं?"

तुळजाबाईंनी हळूच तिचे डोके खांद्यावरून उचलले आणि तिचा चेहरा आपल्या पिठाच्या ओंजळीत धरला.

"रडंल कशी, बाई? ती पहाटंच गेली व्हती, माझ्या मांडीवर. कुणाला सांगायला जीभ उचलली न्हाई, म्हणून तशीच सुपात घातली. इंदीनं घरात आणली, ती तू."