तीनची रेषा

चेंडू बास्केटच्या जाळीतून खाली पडला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. रुचिराने दोन्ही हात वर केले. संघ तीन गुणांनी मागे होता. जमिनीवरच्या मोठ्या कमानीच्या रेषेबाहेरून टाकलं की तीन मिळतात. म्हणजे बरोबरी.

पंचांनी दोन बोटं दाखवली.

"सर, तीन!" ती जागेवरूनच ओरडली. "तीनवरून टाकलाय!"

पंचांनी नुसतं तिच्या पायांकडे बघितलं. तिनेही खाली पाहिलं. पांढरी रेषा तिच्या मागे होती. थोडीथोडकी नाही, चांगली ढांगभर मागे.

असं कसं? गावच्या शाळेच्या मैदानावर ही जागा तिला डोळे मिटूनही सापडायची. आज मात्र पहिल्यापासून काहीतरी बिनसलं होतं. रेषा बघून टाकलेला प्रत्येक चेंडू रिंगला न शिवताच पडत होता आणि शाळेत खेळ शिकवणाऱ्या वासंतीबाई बाकावरून सांगत होत्या, "घाबरू नको." शेवटी तिने रेषा बघितलीच नाही. पाय थांबले तिथून टाकला.

रत्नागिरीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. २००३ च्या विभागीय स्पर्धेला, कोल्हापूरला, आता त्या जाणार होत्या.

वासंतीबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. त्यांची नजर जमिनीवर होती.

"बाई, आपल्याकडची रेषा आत आहे?"

बाईंनी बाटली तिच्या हातात दिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच आत घेतली," बाई म्हणाल्या. "आधी मापातच आखली होती. कुणाचा चेंडू पोचेना. एकेक मुलगी यायची बंद झाली. तूपण आली नव्हतीस. मग एका सकाळी फक्की पुसली नि आत आखली. म्हटलं, हातात जोर आला की नेऊ बाहेर. पण तुमचे चेंडू पडायला लागले, तुम्ही उड्या मारायला लागलात... आणि राहूनच गेलं गो."

 वर्षभर मारलेले सगळे तीन रुचिराच्या डोळ्यांसमोर एकेक करून दोन होत होते.

तेवढ्यात तिचा बाप गर्दीतून वाट काढत आला. गुणाजीने आज होडी भावावर सोपवली होती आणि मासळीच्या टेम्पोत बसून त्याने रत्नागिरी गाठली होती. मुलीचा खेळ तो पहिल्यांदाच बघत होता.

"काय टाकलंस गो बाय शेवटचा!" त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. मग फलकाकडे बघून गोंधळला. "पण हरलो कसे? चेंडू तर गेला ना आत?"

वासंतीबाई पुढे झाल्या. "गुणाजीभाऊ, चूक तिची नाही..."

"माझा पाय आत पडला, बाबा," रुचिरा म्हणाली.