वाया जाऊ नये म्हणून

सोनालीनं आजीच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. ताप पुन्हा चढला होता. या वेळी हुडहुडीही भरली होती.

शांताबाई खाटेवर ताठ बसली होती. दुपारच्या उन्हात अंगावर गोधडी, मांड्या एकमेकींवर घट्ट आवळलेल्या. शेजारची गुलाबबाई पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होती.

"गोळ्या घेतल्या ना आजी?"

"घेतल्या."

"आन क्रॅनबेरीचा रस?"

"रोज सकाऊन पेला. तू सांगतला तेवढा."

"पाह्य बाप्पा," गुलाबबाई म्हणाली, "इथं रामाकोन्यात झाडाखाली संत्रे सडून राहिले, आन हिची नात पांढुर्ण्यावरून बाटलीतला लाल रस आणून देते. राणीच आहे ही."

"तू चूप वं गुलाबे." शांताबाई हसायला गेली, पण मध्येच कळ आली आणि तिनं ओठ दाबून धरले.

"कुठं दुखते?"

शांताबाईनं हात कमरेच्या वर, पाठीकडे नेला. सोनाली पांढुर्ण्याला फार्मसी शिकत होती. तो हात कुठं गेला, ते तिला कळलं. सौंसरच्या डॉक्टरांनी बजावलंच होतं, दुखणं अजून पेशाबाच्या पिशवीत आहे. वर किडनीत चढलं तर नागपूरशिवाय इलाज नाही, आणि तिथंही या वयात भरवसा देता येत नाही. सोनालीचे वडील श्रावण ऑटो आणायला गेलेच होते.

"आजी, पेशाबाले कवा गेली होती?"

शांताबाईनं गुलाबबाईकडे पाहिलं.

"अंधार पडल्यावर जातो ना."

"आन दिवसभर?"

"धरून ठेवतो."

"काऊन पण?"

शांताबाईच्या तापलेल्या चेहऱ्यावर थोडी चमक आली. "तूच तं सांगतलं होतं पोरी. रस आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून किडनीत, आन मंग सारा पेशाबात निघून जाते. दुसऱ्या दिवशी आंगात काहीच नाही राहत. इतकी चांगली दवाई, मंग वाया कायले जाऊ द्याव? पाणीबी कमी करून टाकलं. जेवढा वेळ आतमधी राहील, तेवढा राहील."

सोनाली खाटेच्या काठावर बसली. याच खाटेवर तिनं आजीच्या तळहातावर बोट फिरवून रसाची वाट दाखवली होती. आजी अगदी मन लावून ऐकत होती.

"आजी, अगं, ते जाण्यासाठीच असते. रसातलं थोडंसंच रक्तात उतरते. बाकीच्याचे आतड्यात तुकडे होतात, त्यातलेही काही मागून रक्तात येतात. आन जे पेशाबात येते ना, ते जाता जाता काम करते. दुखण्याच्या जंतूंना चिकटून बसू देत नाही. मंग ते जंतू पेशाबासंग धुऊन बाहेर गेले पाहिजेत. तू तं त्यांना दिवसभर आतच कोंडलं."

"मंग तसं काऊन नाही सांगतलं?" शांताबाई हळूच म्हणाली. रागानं नाही, नुसतं विचारावं तसं.

सोनालीनं तिच्या खांद्यावरची गोधडी सारखी केली.

"पण इतकं धरलं कसं तू? तेही असं दुखत असताना?"

उत्तर गुलाबबाईनं दिलं. "आमाले काय नवं आहे ते? कापूस वेचाले जाव, तं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, मालकाचा माणूस बसलेला राहे. घरून निंघतानी पाणी पेयाचं नाही, घरी येईपर्यंत पेशाबाले बसाचं नाही. साऱ्याच बाया तशा. पण ही सगळ्यात पक्की. हिनं कधी म्हटलंच नाही का मले जायाचं आहे." बोलताना तिच्या आवाजात कौतुक आलं होतं. मग तिला आपलंच बोलणं ऐकू आल्यासारखं झालं आणि ती पुन्हा तळवे चोळू लागली.

"ऊठ आजी. ऑटो यायच्या आधी जाऊन ये."

दोघींनी तिला धरून अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासापर्यंत नेलं. आत बसवून सोनालीनं टिनाचं दार लावलं आणि बाहेरचा नळ सोडला. पाणी वाजलं की येते, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं.

बराच वेळ गेला.

"येऊन नाही राहिली," आतून आवाज आला.

"जोर नको लावू. नुसती बस. सोडून दे."

"सोडूनच राहिलो ना बाई. पोट गच्च भरलं आहे. पण सुटतच नाही." त्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

रस्त्यावर ऑटोचा हॉर्न वाजला. श्रावणनं हाक मारली. "या वं लवकर!"

"बाबा, तिकडंच थांबा!" सोनाली ओरडली. तिनं नळ आणखी मोठा केला.

"सोनाली," आतून हळू आवाज आला, "बाहेर कोणी माणूस तं नाही ना?"

"कोणीच नाही आजी. दार लावलेलं आहे."



गुलाबबाई पुढे आली. तिनं दाराकडे पाठ केली, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि दोन्ही हातांनी ताणून आडवा धरला. कपाशीच्या पऱ्हाटीत एखादीला अगदीच धरवलं नाही, की बाकीच्या बाया तिच्याभोवती असाच आडोसा करत.

"बस शांते," ती समोर रिकाम्या अंगणाकडे पाहत म्हणाली. "मी उभी आहो. कोणी पाहून नाही राहिलं."

आतून अजून पेशाबाचा आवाज येत नव्हता. गुलाबबाईचे हात भरून आले. पदर तिनं खाली घेतला नाही.