साखरेचा कण

डॉक्टरांनी लेकीला एडीएचडी असल्याचं सांगितल्यापासून आईने घरातली साखर, बिस्किटं, रंगीत सरबतं हद्दपार केली. चंचलपणा गोडाने वाढतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. शाळेतून बाईंनी बोलावलं तेव्हा ती माफी मागायलाच गेली. “आज काय फोडलं आमच्या भिंगरीने?” “अहो, काही नाही! अख्खं गणित एकटीने सोडवलं.” आईचा ऊर भरून आला. “साखरेचा कण नाही ठेवत घरात, बाई!” तेवढ्यात भिंगरी धावत आली, आईला पाहताच थबकली आणि तिने मोठा आ केला. “दात दुखतोय का गं?” बाईंनी विचारलं. “नाही, बाई. गोड खाल्लं का, ते आई हुंगून बघते.” आईला मान वर करवेना. एका जागी न टिकणारी पोर पुन्हा तोंड उघडून, डोळे मिटून, जराही न हलता उभी होती.