चरून गुरुजींचा नाच

‘मी सोडून देऊ का, गुरुजी? हो की नाही, एवढंच लिहा,’ असं ताओनं, गावच्या फुटबॉल क्लबच्या गोलकीपरनं, पावसाळ्यात लिहिलं होतं. चरून गुरुजींनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. आज ते पत्र शर्टाच्या खिशात घेऊन ते चाओ मे देवीच्या देवळासमोर उभे होते. बूट त्यांनी पायरीशी काढून ठेवले होते. देवीपुढे नाचताना हात कुठे धरायचे, हे त्यांना आठवत नव्हतं.

देवळाला लागूनच क्लबचं मैदान. बांग तालुमचे ‘खेकडे’ काल संध्याकाळी तिथे शेवटची मॅच हरले. थायलंडच्या पहिल्या विभागात गाव प्रथमच पोचलं होतं, एकाच मोसमात परत खाली आलं. फाटकावर निळे-पांढरे झेंडे अजून लोंबत होते.

गुरुजींनी गुडघा वाकवला. बोटं मागे वळवून पाहिली, ती वळली नाहीत. मग ते दोन पावलं डावीकडे गेले, थांबले आणि दोन पावलं उजवीकडे आले.

लोकांचे नवस फेडायला भाड्यानं नाचणाऱ्या बायका ओट्यावर भात खात बसल्या होत्या. एकीचा घास हातातच राहिला.

“आजोबा, आम्ही कशाला आहोत मग?”

“मी स्वतः नाचेन असं बोललोय,” गुरुजी म्हणाले, पण इतकं हळू की तिला ते ऐकूच गेलं नाही.

मोटरसायकलवर भाडी मारणारा उआन रस्त्यातच थांबला. “काय गुरुजी! खेकडे बुडाले म्हणून पार्टी का?”

त्याच्या मागे बसलेलं गिऱ्हाईक हसलं. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या, जोरात शिंकायलाही संकोचणाऱ्या गुरुजींचे कान लाल झाले. पाय मात्र हलत राहिले.

तेवढ्यात लामोम मावशी माकूळ भाजायची गाडी ढकलत आली. मोसमभर गोलच्या मागे बसून ढोल बडवणारी तीच. ढोल आता गाडीला उलटा बांधलेला होता आणि तिचे डोळे सुजले होते.

“गुरुजी, लाज नाही वाटत?”

“वाटते,” गुरुजी म्हणाले. ते थांबले नाहीत.

“अख्खं गाव काल रडलं. वर टिकलो तर डुकराचं मुंडकं देऊ, असं आम्ही बोललो होतो. नाही टिकलो. देवीनं आमचं ऐकलं नाही. मग तुमचं कसलं ऐकलं तिनं?”

गुरुजींना धाप लागली होती. “ताओ सोडून जाणार होता. सात गोल खाल्ले ना, त्या दिवसानंतर. चेंडू याच्या पायांतून जातो म्हणून बाजारातली पोरं त्याला बघून पाय फाकवून उभी राहायची. त्यानं मला पत्रात विचारलं, सोडू का, हो की नाही एवढंच लिहा म्हणून.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही. मी पुस्तकं देणारा माणूस. मला फुटबॉलमधलं काय कळतं? आणि चुकीचं सांगितलं म्हणजे?” त्यांनी एक गिरकी घ्यायचा प्रयत्न केला आणि खांबाला धरलं. “म्हणून इथे आलो. म्हटलं, मोसम संपेपर्यंत पोर गोलमध्ये उभं राहू दे, मी नाचेन.”

“आणि क्लबचं?”

“क्लबचं तुम्ही मागितलंच होतं. देवीला परत कशाला त्रास द्यायचा?”

लामोमनं मैदानाकडे पाहिलं. काल तिसरा गोल झाल्यावर लोक उठून गेले होते. ती तेवढी बसून होती. मॅच गेलेलीच होती, तरी शेवटच्या चेंडूवर ताओनं चिखलात अंग टाकलं होतं आणि तो चेंडू अडवला होता.

“हे आधी सांगायचं नाही का?” ती म्हणाली. “सबंध मोसम त्याला मागनं शिव्या घालत होते मी. काल रात्रीच्या बसनं आईकडे गेला तो. सगळं सामान घेऊन.”

गुरुजी थांबले.

“थांबू नका! अर्धा नवस चालत नाही.” तिनं ढोलाची दोरी सोडली. “आणि हात असे नाही. कमळाची कळी धरल्यासारखे. कंबर हलवा, मोडत नाही ती.”

तिनं ढोलावर काठी मारली. मैदानात वाजवायची तोच ठेका. भात खाणारी बाई हात धुऊन गुरुजींच्या शेजारी येऊन उभी राहिली. उआननं मोटरसायकल बंद केली.

“डावीकडे, गुरुजी! आडवे सरका, खेकडे आहोत आपण!”

नाच झाल्यावर गुरुजींनी पत्रामागे घडी करून ठेवलेलं पोस्टकार्ड खिशातून काढलं. पावसाळ्यातच आणलेलं, कोरं. मावशीच्या गाडीवर ते टेकून लिहू लागले. ताओच्या आईचा पत्ता तिनंच सांगितला.

“किती लिहिताय? त्यानं हो की नाही एवढंच विचारलंय.”

तिनं कार्ड ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. “‘नाही. माझे गुडघे फार दुखतात, पण पुढच्या मोसमाचंही देवीला बोलून ठेवलंय.’” कार्डाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. तो पुसायला ती गाडीवर फडकं शोधू लागली आणि मग तिनं तो तसाच राहू दिला. “टाका.”

मैदानाच्या फाटकाशी टपालाची लाल पेटी होती. गुरुजींनी कार्ड फटीत घातलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मागे कोणी हसत नव्हतं. मग त्यांनी बोटं सोडली.

आत कार्ड पडल्याचा आवाज झाला. गुरुजींनी पेटीला हात जोडले. पाय भाजत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बूट देवळापाशीच राहिलेत.