औषध नसलेल्या पुड्या

“सेन्सेई, निम्म्या रुग्णांना आपण औषध नसलेल्या पुड्या दिल्या, तेही बाकीच्यांइतकेच गाढ झोपतायत,” शाल्मली वैतागून म्हणाली. झोपेवरच्या जपानी पारंपरिक औषधाची ही चाचणी तिने जिवाचं रान करून क्योतोत उभी केली होती. “नको म्हटलं तरी तुम्ही प्रत्येकाचं पोट चाचपत बसलात ना?”

“पोट न बघता औषध द्यायला मी काय दुकानदार आहे?” म्हातारे वैद्य म्हणाले. “तुमचीही झोप उडालेली दिसते. आडव्या व्हा.”

ती धुसफुसतच आडवी झाली. ऊबदार तळवा पोटावर सावकाश टेकला. “बाळ रात्री फार उठवतं?” बाळंतपणानंतर इतकं निवांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

डोळे जड झाले, तशी ती आणखीच चिडली. चाचणी पुन्हा करावी लागणार होती, या हातांना बाहेर ठेवून.