चमचाभर झोप

“फ्रिज तुझा. वॉशिंग मशीन माझं. आता राहिली ही,” नवरा म्हणाला आणि हातातल्या चिकटपट्टीने त्याने भिंतीलगतच्या पलंगाकडे खूण केली.

पलंगावर मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सात वर्षांची. घरात तिला घुबड म्हणत. नाव बापानेच ठेवलं होतं, कारण दिवा मालवला की तिचे डोळे टक्क उघडायचे आणि आईबापांच्या नाकी नऊ यायचे. पाणी हवं, शू आली, पडद्यामागे कोण आहे. पण रोजच्यासारखं आजही जेवण झाल्या झाल्या तिला चमचाभर गुलाबी औषध मिळालं होतं. चमचा चाटून ती जी आडवी झाली, ती झालीच. त्यामुळे दोघांना आवाज दाबायची गरज नव्हती. गेला महिनाभर ते असेच तिच्या उशापाशी बसून बोलत आले होते. घर दोनच खोल्यांचं, आणि दुसरी खोली खोक्यांनी भरलेली.

“मूल आईकडेच राहतं,” तो म्हणाला.

“कुठल्या पुस्तकात लिहिलंय? नव्या लॅबमध्ये मला रात्रपाळी आहे. रक्ताचे नमुने तपासू की हिला झोपवू?”

“आणि मी काय करू? तिने पहिल्याच दिवशी सांगितलंय, मूल नको म्हणून.”

ही ‘ती’ कोण, हे आता घरात नाव घेऊन सांगावं लागत नव्हतं.

नवरा जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. विकताना खोट झाकायची आणि घेताना खोट काढायची, यावर त्याचं पोट चाले. बायकोने मुलगी पुढे केली की तो गाडीचं बॉनेट उघडल्यासारखा सुरू होई. हट्टी आहे. जेवताना घोळ घालते. पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. आजही सगळं म्हणून झाल्यावर तो शेवटच्या मुद्द्यावर आला.

“आणि मुख्य म्हणजे ही औषधाशिवाय झोपत नाही. ही सवय तू लावलीस. सर्दी गेली, बाटली राहिली. उद्या कुणी विचारलं, पोरीला रोज गुंगीचं काय पाजता, तर मी काय सांगू? तू केलेली ब्याद माझ्या गळ्यात मारू नकोस.”

घोडं नेहमी इथेच अडे. औषध बायकोनेच आणलं होतं, हे खरं होतं. डॉक्टरांनी सर्दीवर दिलेलं. त्याने गुंगी येते, चार दिवसांपलीकडे नको, असं त्यांनी बजावलंही होतं. पण त्या चार रात्री घर इतकं शांत होतं की पाचव्या रात्री तिचा हात आपोआप बाटलीकडे गेला.

आज मात्र तिच्याकडे हुकमाचं पान होतं.

“ती औषधाशिवाय झोपते,” ती म्हणाली.

“थापा मारू नकोस. मघाशी माझ्यासमोर पाजलंस.”

“साखरेचं पाणी होतं ते. महिना झाला, बाटलीत औषधाचा थेंब नाही.”

नवऱ्याने चिकटपट्टी खाली ठेवली.

ती सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचा आवाज लॅबमधल्यासारखा नेमका झाला. मुलगी शाळेत बाकावर डुलक्या काढायला लागली, बाईंनी आईला बोलावून घेतलं, तेव्हा ती घाबरली होती. पण बाटली एकदम बंद केली असती तर पुन्हा रोजचा तमाशा. म्हणून तिने औषध मोरीत ओतलं आणि साखरेच्या पाण्यात केकचा गुलाबी रंग कालवून तीच बाटली भरली. चव गोड, चमचा तोच, वेळ तीच. पहिल्या दिवशी ती पलंगाशी बसून राहिली. हाक मारून पाहिली. तळव्यावरून बोट फिरवलं. एरवी गुदगुल्यांनी घर डोक्यावर घेणारी पोर, पण पाय दगडासारखा. तेव्हापासून रोज असंच. शाळेतल्या डुलक्या अजून थांबल्या नव्हत्या, पण तेवढं तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

“मनाचा खेळ असतो सगळा,” ती म्हणाली. “औषध घेतलं असं वाटलं की पुरतं. हिला आता काही म्हणजे काही लागत नाही. बिनत्रासाचं मूल आहे. तुझ्या तिला कळणारसुद्धा नाही, घरात आणखी कुणी आहे म्हणून.”

नवरा उठून पलंगापाशी गेला. टायर दाबून पाहावा तसा त्याने मुलीचा खांदा दाबून पाहिला. ती हलली नाही.

“गाडी चांगली ठेवली आहेस,” तो म्हणाला आणि हसला. तिलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसले.

“मग नेतोस?”

“छे. पण आता हॉस्टेलवाले तरी घेतील. अशी गुपचूप पडून राहणारी पोरं त्यांना हवीच असतात. खर्च अर्धा अर्धा.”

तिने क्षणभर विचार केला. तेवढाही लागला नसता.

“चालेल,” ती म्हणाली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. मोकळ्या मनाने ती मुलीचं पांघरूण सारखं करायला वाकली.

मुलीचे डोळे उघडे होते. भिंतीकडेच बघत, कुणाला त्रास होऊ नये इतक्या हळू आवाजात ती म्हणाली,

“आई, उद्यापासून खरं औषध देशील? पाण्याने सगळं ऐकू येतं.”